त्याच्या नावाचे गहू

मुलानं फ्रान्समध्ये घर घेतलं. ब्रिटनी म्हणतात त्या भागात, समुद्राला लागून. फोनवर मला दाखवलं. दगडी भिंती, निळ्या खिडक्या, मागे सफरचंदाची झाडं. मी विचारलं, उन्हाळा कसा असतो? आपल्यासारखा उन्हाळाच नसतो म्हणाला. इथं अमळनेरात तेव्हा माठातलं पाणीसुद्धा कोमट झालं होतं.

तो सांगत राहिला. तिथं इंग्रज येऊन घरं घेतात, बेल्जियमचे येतात. समुद्र आहे, गर्दी नाही, आणि पुण्याच्या फ्लॅटपेक्षा स्वस्त पडतं. मी म्हटलं, एवढं चांगलं आहे तर तिथली माणसं विकतात कशाला? तो म्हणाला, घर एका म्हातारीचं होतं. ती वारली. मुलं पॅरिसला, त्यांना परत यायचं नव्हतं. घर बंदच पडलं होतं.

"मग हे इथलं घरही तसंच जाईल," मी म्हटलं.

"काहीही काय बोलते आई."

नोकरी संपली की अमळनेरला येईन, असं तो दर फोनला म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, नारळालाच देवी मानून पूजतात. मी थोरली सून, म्हणून माझ्या घरी. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. पाळण्यातल्या पोराचेही घेतात, मेलेल्याचे नाही. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, पौर्णिमेपर्यंत संपवायचे. मुलगा परदेशी गेल्यापासून त्याच्या वाटचा रोट मीच खाते.

यंदा मी गहू काढायला बसले. त्याचं नाव आलं तसा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, त्याना गहू कसाले? तो आते तठलाच शे."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. मुलगा तिथलाच झाला होता, खरं तेच बोलला.

"जित्ता शे तो," मी म्हटलं आणि मूठ भरली.

दुसऱ्या दिवशी कानबाई नदीवर नेली, पूजा करून परत आणली. तिचा नारळ दरवर्षी मी फडक्यात बांधून माझ्या देवघरात ठेवते. यंदा दिराच्या हातात दिला. पुढच्या सालापासून तुझ्याकडे बसव म्हटलं. माझ्यामागे या घरात बसवणारं कोणी नाही, ते मला कळलं होतं. तो नको नको म्हणाला, पण नारळ घेऊन गेला.

पौर्णिमेला मुलाचा फोन आला. मागे समुद्राचा आवाज येत होता. त्यानं विचारलं, "माझा रोट केला होता का?"

"केला होता."

"मग?"

"आज संपवला. दुधात भिजवून."

नारळाचं मी सांगितलं नाही. त्यानं नव्या खिडक्यांचं सांगितलं, ते ऐकून घेतलं.