साहेबांनी मागे घेतलेलं विधेयक

जवळ या हो. असं उंबऱ्याबाहेर उभं राहून कोणाबद्दल विचारू नये. येताजाता तुम्ही एकच म्हणता, इतकी वर्षं दिल्लीत खासदार म्हणून बसून साहेबांनी केलं काय? त्यांचं काम वाचलंय का तुम्ही? नाही ना? मग बसा. मी वाचलंय, माझ्या हातानं चिकटवलंय.

"शुक्रवार येऊ द्या," हा त्यांचा ठरलेला शब्द. समोरच्याचं गाऱ्हाणं ऐकायचं, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायचा आणि म्हणायचं, शुक्रवार येऊ द्या. मी भाबडी, मला वाटलं संतोषी मातेचं व्रत असेल. अधिवेशन नसलं की ते नाशकात असायचे. मग दर शुक्रवारी मी त्यांच्यापुढे गूळ-फुटाण्यांची वाटी ठेवायची आणि आंबट म्हणून त्यांच्या घरात येऊ द्यायची नाही. महिनाभर साहेबांनी मुकाट्यानं खाल्लं. मग म्हणाले, "बाई, लिंबाचं लोणचं मिळेल का? व्रत तुमचं आणि शिक्षा मला."

तेव्हा कुठे कळलं, की लोकसभेत आठवडाभर सरकारचं काम चालतं. साध्या खासदाराला स्वतःचा कायदा मांडायचा तर शुक्रवारची दुपार. आणि मांडलेल्यावर चर्चा व्हायची तीसुद्धा चिठ्ठीत नाव निघालं तर.

त्यांचा मतदारसंघ दुसरीकडचा, घर मात्र मखमलाबाद रस्त्याला, आमच्या मळ्याशेजारी. मी त्यांच्या देवाला शेवंती द्यायला जायची. शाळा तिसरीत सुटलेली, पण फुलांच्या पुड्यांचे कागद वाचवाचून अक्षर पक्कं केलेलं. एकदा पुडी सोडून मी तो कागदच वाचत बसले, ते त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी खळीची वाटी आणि ब्रश पुढ्यात आला. दिल्लीहून गठ्ठे यायचे, साहेबांनी विचारलेले प्रश्न, मंत्र्यांची उत्तरं. हिंदी प्रत मला वाचता यायची. कापायचं, वहीत चिकटवायचं. पोस्टाच्या पेट्या, आदिवासी वसतिगृहाचं पाणी, रेल्वेचं फाटक, काय काय विचारलंय त्या माणसानं! मी म्हणायची, साहेब, पोस्टाची पेटी गंजली हे दिल्लीला कशाला सांगायचं? ते म्हणत, इथे सांगून झालं म्हणून.

नव्वद सालानंतर आमच्याकडे द्राक्षं वाढली. माझी धाकटी बहीण सुमन दिंडोरीकडे बागेत मजुरीला होती. फवारणीचं औषध पिंपात कालवायचं काम तिचं. काठी सापडली नाही की हातानंच कालवायची. एका सकाळी तिथेच पडली. जगली, पण नजर गेली आणि हात थरथरायचे ते थांबलेच नाहीत. बागवाला म्हणाला, ही आमच्याकडे कामाला नव्हतीच. कुठल्या कागदावर नाव होतं तिचं?

साहेबांनी ऐकलं, चष्मा पुसला. पुढच्या अधिवेशनात विधेयक मांडलं. फवारणीवरच्या प्रत्येक मजुराचं नाव नोंदवायचं, इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यायची.

मी सुमनला सांगितलं, कायदा होतोय.

अहो, ती वर्षं आठवा. सरकारं कशी पडत होती. लोकसभा मोडली की मांडलेलं विधेयकही बाद. साहेब पुन्हा निवडून यायचे, पुन्हा मांडायचे, पुन्हा लोकसभा मोडायची. नंतर एक सरकार टिकलं, तर चिठ्ठी निघेना. सुमन दर भेटीत विचारायची, "आक्का, झाला का गं कायदा?" मी म्हणायची, होतोय.

आणि एकदा चिठ्ठी निघाली! दिल्लीहून साहेबांचा फोन आला. मी मळ्यात सगळ्यांना गूळ वाटला. दोन शुक्रवार चर्चा झाली. साहेब उभे राहून बोलले, सुमनचं नाव न घेता तिचीच सगळी हकीकत.

गठ्ठा आला. मी वाचत गेले आणि शेवटच्या ओळीला ब्रश हातातच वाळला. मंत्री म्हणाले, सरकार विचार करील, सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. खाली लिहिलं होतं, विधेयक सभागृहाच्या अनुमतीनं मागे घेतलं.

साहेब आले तेव्हा मी वही उघडीच ठेवली होती. विचारलं, हे तुम्हीच केलंत?

"रिवाज आहे, बाई. मंत्र्यानं शब्द दिला की मागे घेतात. मतं मोजली असती तर पडलं असतं."

"पडू द्यायचं होतं साहेब. कोण कोण नाही म्हणालं, ते तरी छापून आलं असतं."

माझा आवाज चढला होता. इतकी वर्षं सभ्यपणे वागलेला माणूस, एका सभ्यपणात सगळं घालवून बसला. मंत्र्याच्या शब्दाचं पुढे काही झालं नाही. साहेबांनी चार स्मरणपत्रं पाठवली, ती मी चिकटवली. उत्तर चिकटवायला आलंच नाही. पुढच्या निवडणुकीला पक्षानं त्यांना तिकीट दिलं नाही.

मग एक दिवस म्हणाले, चला, तुमच्या बहिणीकडे. मी घाबरले. म्हटलं, तिला मी खोटं सांगत आलेय. ते म्हणाले, म्हणूनच.

सुमनच्या पुढ्यात जमिनीवर बसले. चहा घेतला नाही. सरळ म्हणाले, "बाई, कायदा झाला नाही. मी तो मागे घेतला. चूक माझी."

मला वाटलं, ती शिव्या देईल. तिनं त्यांच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "आन् आता तुमी नाय तिथं," ती म्हणाली. "मंग कोन मांडल?"



त्यानंतर त्यांनी शुक्रवारचं नाव काढलं नाही. विधेयकाच्या प्रती काढल्या आणि एकेका खासदाराला पत्र लिहायला बसले. हात चालेनासा झाला तेव्हा ते सांगायचे, मी लिहायची. दोघांचे आभार आले, बाकी काही नाही. लोकांनी साहेबांचा सत्कार ठरवला, त्याची पुस्तिका निघायची होती. मंडळींनी त्यात विधेयकाबद्दल घातलं, "सरकारकडून आश्वासन मिळवलं". साहेबांनी पलंगावरून ते खोडायला लावलं. म्हणाले, "मागे घेतलं, असंच छापा." पुस्तिका छापून यायच्या आत साहेब गेले.

वह्या सगळ्या माझ्याकडे आहेत. विधेयकाच्या सात प्रती उरल्यात, कोणाला न दिलेल्या. सुमनला मी आता इथेच आणलंय. परवापासून तिला घास गिळवत नाही. कोणी आलं की विचारते, हा दिल्लीचा का? मी आता खोटं बोलत नाही, नाही म्हणते. तुमच्या ओळखीत तिथं बसणारं कोणी असलं तर त्याला घेऊन या. नसलं तर आज तुम्हीच एक प्रत घेऊन जा आणि ती मांडील असं कोणी शोधा. पण लवकर परत या, याच आठवड्यात या.