गंगम्मा अंगठा देत नाही

होटगीच्या बाजूचं ते गाव. नाव सांगत नाही, कारण गावकरी अजून चिडतात. तिथं गंगम्मा नावाची सुईण होती. त्या गावातली आणि ओढ्याच्या वर-खालच्या दोन्ही गावांतली निम्मी प्रजा तिच्याच हातून जगात आली होती. त्यामुळं तिला कुणाचा धाक वाटत नसे. मोठा फेटेवाला समोर आला तरी तिला आधी त्याचं पहिलं रडणं आठवायचं. सरपंच हिंदुराव तर जन्मल्यावर रडेचना, म्हणून तिनं त्याला उलटा धरून ढुंगणावर दोन चापट्या मारल्या होत्या. "तवापासनं जो बोलाय लागलाय तो थांबलाच न्हाई," असं ती त्याच्या तोंडावर सांगायची.

त्र्याहत्तर साली पंचायतीत एक बाई घेणं भाग होतं. हिंदुरावानं गंगम्माला घेतलं. ती विधवा, अक्षरशत्रू आणि सदा कुणाच्या तरी बाळंतपणात; ती सांगू तिथं अंगठा देईल असा त्याचा अंदाज. वर्षभर तो बरोबर ठरला. ग्रामसेवक ठरावांची वही घरी आणायचा, ती अंगठा टेकवायची आणि कशावर टेकवला हे विचारायची नाही. ती आपली चूक होती, असं पुढं ती स्वतःच म्हणायची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शहरातल्या शुक्रवार पेठेतला बसलिंगप्पा नावाचा सुताचा व्यापारी गावात येऊ लागला. त्याला ओढ्याकाठच्या गायरानात डाइंग काढायचं होतं, म्हणजे सूत रंगवायचा कारखाना. दुष्काळात खडी फोडून लोकांचे हात अजून सोललेले होते. वीस जणांना काम आणि मारुतीच्या देवळाला नवे पत्रे, एवढ्यावर गाव खूश झालं. मारुतीला कुणी विचारलं नाही.

प्रकरण कलेक्टर कचेरीत जायचं होतं, म्हणून ठराव एकमतानं हवा होता. वही आली तेव्हा गंगम्मा खालच्या गावातल्या एका अडलेल्या बाईला मोकळी करून नुकतीच परतली होती. त्या खेपेला तिनं रंगाचं पाणी कुठं जाणार ते विचारलं. ओढ्यात, ग्रामसेवक म्हणाला. आपली विहीर वरच्या अंगाला आहे, आपल्याला त्रास नाही. मग खालच्या गावाचं काय, असं तिनं विचारलं तर तो कंटाळून म्हणाला की ते आपल्या मतदारयादीत नाहीत. गंगम्मानं वही त्याच्या हातात परत दिली.

हिंदुरावानं मग ग्रामसभाच बोलावली, म्हातारीला चारचौघांत गप्प करावं म्हणून. ती आली ती खालच्या गावातल्या सात गरोदर बायकांना बैलगाडीत घालून. हिंदुरावानं सांगितलं, बाहेरच्या बायकांना सभेत बसता येणार नाही.

"त्या कशाला बसत्यात? त्यांच्या पोटातली बसत्यात," गंगम्मा म्हणाली. "ती पिणार ते पाणी आज तुमी ठरवताय, म्हणून आणली."

मोठा हशा पिकला. एक जण म्हणाला, उद्या म्हशीलाही मत द्यावं लागेल. म्हस निदान पत्र्यांवर भुलणार नाही, असं तिनं ऐकवलं. ग्रामसेवकानं कायदा काढला: यादीत नाव असेल त्यालाच मत.

सभेच्या सुरुवातीला त्यानंच मागच्या सभेची हजेरी वाचून दाखवली होती. गंगम्मानं ती नीट ऐकली होती.

"त्यात ज्ञानबाचा अंगठा हाय," ती म्हणाली. "ज्ञानबाला जाऊन दोन वर्सं झाली. मेलेला चालतो, मग जल्माला यायचा का चालत न्हाई, तेवढं सांगा."

ज्ञानबाची बायको मथुराबाई मागं बसली होती. तिनं उठून विचारलं, सभेला येतो तर घराकडं का फिरकत नाही. पुढं सभा चाललीच नाही. ग्रामसेवकानं त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज केला.

बसलिंगप्पा वैतागून वरच्या गावात गेला. तिथं कुणी काही विचारलं नाही. दिवाळीपर्यंत ओढा लाल-जांभळा वाहू लागला आणि आता गंगम्माच्या गावची विहीरही नासली. वीस जणांचं काम घालवलंस आणि घाण मात्र आणलीस, असं लोक तिला म्हणाले. ते खरंच होतं. महिनाभर तिला कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही, आणि ते तिला फार लागलं.

हिंदुराव वरच्या गावात तक्रार घेऊन गेला. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की त्याचं नाव त्यांच्या यादीत नाही. परतताना तो तडक गंगम्माच्या ओसरीवर येऊन बसला.

"अक्का, आता काय करायचं?"

"गाडी जुंप," ती म्हणाली. "तितल्या सरपंचाच्या सुनेला आठवा लागलाय."

ही धमकी नव्हती. बाळंतिणीला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. पण त्या घरात ती चार दिवस राहिली आणि रोज त्या पोरीला ओढ्याचं लाल पाणी तांब्यात आणून, पोटातलं हेच पिणार म्हणून दाखवत होती. पाचव्या दिवशी पोरीच्या सासूनं आपल्या नवऱ्याला, म्हणजे सरपंचाला, जेवायला वाढलं नाही.

मग तिन्ही गावं ओढ्याकाठी एका चिंचेखाली बसली. यादी नव्हती. जो ओढ्याचं पाणी पितो त्यानं बोलावं, एवढाच गंगम्माचा नियम; त्यामुळं वाटेनं चाललेले मेंढकेही बोलून गेले. बसलिंगप्पानं स्वतःच्या जागेत दोन मोठे खड्डे खणावेत, पाणी तिथंच मुरवावं, ओढ्यात सोडू नये, असं ठरलं. तो कानडीत कुरकुरला. गंगम्मानं कानडीतच उत्तर दिलं. ती काय बोलली ते कुणी मराठीत सांगितलं नाही, पण खड्डे खणले गेले. पाणी अगदी स्वच्छ झालं नाही, तरी उन्हाळ्यापर्यंत गुरं तोंड लावू लागली.

ठराव तालुक्याला पाठवला तर उत्तर आलं, अशी सभा कुठल्याही कायद्यात नाही, सबब ठराव रद्द. खड्डे बुजवायचा हुकूम मात्र कुणी काढला नाही.

पुढच्या पंचायतीत हिंदुरावानं शिकलेली बाई घेतली. ती वही वाचल्याशिवाय सही करीना, म्हणून त्याला आणखीच ताप झाला. गंगम्माला बोलावणं नसायचं, तरी ती सभेला जायची, मागं बायकांत शेंगा फोडत बसायची, आणि पुढचा बोलणारा पुटपुटला की मोठ्यानं बोल म्हणून त्याला दटावायची.