ऑगस्टमधला पलंग

आमच्या गावात दिन्काला सगळेच रागीट म्हणतात. पाववाली म्हणते, पोस्टमन म्हणतो. तिचा नवरा श्पिरो तर पाहुण्यांना खोली दाखवतानाच सांगून ठेवतो, "पाणी जपून वापरा, आणि सकाळची कॉफी होईपर्यंत माझ्या बायकोला काही विचारू नका." मी तिची शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक भिंत आहे आणि भिंतीवरून वाकलेलं अंजिराचं झाड. अठ्ठावीस वर्षं मी तो राग भिंतीच्या अलीकडून ऐकते आहे, आणि ती विनाकारण चिडली असं एकदाही झालेलं मला आठवत नाही.

दिन्का आमच्या किनाऱ्याची नाही. ती डोंगराच्या मागची. त्या डोंगराच्या मागे दगड, मेंढ्या आणि बोचरा वारा, पुढे समुद्र, बोटी आणि आम्ही. अंतर गाडीने तासाभराचं, पण आमचे लोक डोंगराकडच्यांना अजून नाकं मुरडतात. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूने दुकानात सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पोरगी कामाची आहे, पण मासा कुठून खायचा ते शिकवावं लागेल." दिन्का तिथेच होती. म्हणाली, "आई, शेपटीकडून सुरू करते. डोकं तुमच्यासाठी ठेवते."

ते मार्चमधलं. जूनच्या पहिल्या तारखेला सासू तिच्या खोलीत आली, नव्या नवरीच्या पलंगावरची चादर ओढून काढली आणि म्हणाली, "चल, खाली."

खाली म्हणजे तळघरात. आमच्याकडे प्रत्येक घराखाली असं दगडी तळघर असतं. पिंपं, तेलाचे डबे, मिठात घातलेल्या माशांच्या बरण्या, जाळी, मोडक्या खुर्च्या सगळं तिथे. जून ते सप्टेंबर घरातली माणसंही तिथेच. वरच्या खोल्या पाहुण्यांच्या. ते पैसे देऊन राहतात, तरी आम्ही त्यांना पाहुणेच म्हणतो. मी लहानपणापासून अशीच झोपत आले, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हे मला कॉलेजला स्प्लिटला जाईपर्यंत माहीतच नव्हतं. दिन्काला मात्र पहिल्या दिवसापासून ते पटलं नाही. तिचा मुलगा पुढच्या वर्षी जुलैत जन्मला. चार दिवसांचं बाळ घेऊन ती हॉस्पिटलमधून आली ती थेट पिंपांच्या मध्ये मांडलेल्या खाटेवर, आणि वर तिच्या पलंगावर कुठल्याशा दंतवैद्याची बायको उन्हाने भाजलेल्या पाठीला दही चोळत होती. दही दिन्काच्याच हातचं.

ही चाल त्या घरात सुरू केली तिच्या सासऱ्यांनी. बेपो त्यांचं नाव. आम्ही सगळे त्यांना बार्बा म्हणायचो, इथे वडीलधाऱ्या पुरुषाला तसंच म्हणतात. बार्बा बेपोंनी ते घर स्वतः दगड फोडून बांधलं. वरची पुढची खोली तर त्यांनी एकट्याने उभी केली. तिची खिडकी इतकी मोठी की पलंगावर पडल्या पडल्या सगळी खाडी दिसते, पलीकडचं बेट दिसतं, कुणाची बोट आली, कुणाची गेली, सगळं कळतं. चौसष्ट साली पहिले चेक पाहुणे आले, तेव्हा त्यांनी ती खोली त्यांना दिली आणि स्वतः खाली गेले. तेव्हापासून साठ उन्हाळे त्या खिडकीतून त्यांनी समुद्र पाहिला नाही. मासिकांत आमच्या किनाऱ्याचे जे फोटो येतात, निळंशार पाणी, पांढऱ्या नौका, त्यातले बरेच त्याच खिडकीतून काढलेले असतील.

गेल्या वर्षी जुलैत बार्बांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी श्पिरोला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, काही आठवड्यांचा प्रश्न आहे. घरी आणलं म्हणजे तळघरात आणलं. तळघराला एकच खिडकी, वीतभर उंचीची, रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून फक्त पावलं दिसतात. बार्बा दिवसभर पावलं बघत पडायचे. "हा जर्मन," म्हणायचे. "मोजे घातलेत." किंवा, "या बाईचा नवरा पुढे निघून गेलाय, बघ कशी पाय आपटतेय." आम्ही हसायचो. मग एकदा त्यांनी विचारलं, "समुद्र कसा आहे आज?" दिन्का तेव्हा भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

त्याच दुपारी भिंतीपलीकडून मी सगळं ऐकलं.

"पुढची खोली रिकामी कर," दिन्का म्हणाली.

"कशी करू? चार तारखेला झाग्रेबचं जोडपं येतंय."

"त्यांना नाही म्हण."

"ऑगस्टमध्ये? अगं, आत्ता स्प्लिटपासून दुब्रोव्हनिकपर्यंत कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा जागा नाही. शिवाय आपण रद्द केलं की त्या बुकिंगच्या साइटवर आपलं नाव तळाला जातं. पुढच्या वर्षी कोण येईल?"

"पुढच्या वर्षी बाबा असतील?"

"पाच दिवस, दिन्का. पाच दिवसांचा प्रश्न आहे."

"बाबांकडे किती आहेत ते विचारलंस का डॉक्टरला?"

श्पिरो वाईट माणूस नाही. तो बंदरावर बोटींच्या सहलींची तिकिटं विकतो, दिवसभर हसून हसून त्याचे गाल दुखतात, आणि घरी आल्यावर त्याच्यात भांडायची ताकद उरत नाही. भांडण मिटवलं बार्बांनी. खाटेवरून ओरडले, "ऑगस्ट पाहुण्यांचा असतो, सूनबाई. डोंगराकडे असेल वेगळं."

"डोंगराकडे आजारी माणसाला पलंग देतात, बाबा."

"म्हणूनच तिकडे कुणी येत नाही."

झाग्रेबचं जोडपं आलं. तिहोमीर आणि सांदा, चाळिशीचे, दोघेही कुठल्याशा मोठ्या कचेरीत. त्यांच्याकडे यादी होती: पाच दिवसांत सगळा किनारा बघायचा. एक दिवस ब्राच बेटावरचा समुद्रात घुसलेला दांडा, एक दिवस ह्वार बेट, मग कोर्चुला बेट, मग समुद्रातली निळी गुहा, शेवटी दुब्रोव्हनिक. सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी सातला परत. सांदाने पहिल्याच दिवशी तळघराच्या दारात डोकावून पाहिलं, पिंपं, लसणाच्या माळा, आणि खाटेवर डोळे मिटून पडलेले बार्बा. "किती गोड," म्हणाली, आणि फोटो काढला. दिन्काने पाठ फिरवली. तिच्या मानेवरची शीर मला अंगणाच्या पलीकडून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती माझ्या दारात. "हात रिकामे आहेत?"

"कॉफी ठेवलीय."

"उतरव. खोली बारा तास रिकामी पडते. बारा तास, कळतंय? आणि तो माणूस खाली लोकांचे अंगठे मोजतोय."

मी म्हटलं, "ते येणार नाहीत वर. पाहुण्यांच्या पलंगावर तर मुळीच नाही."

"पाहुणे गेले म्हणून सांगितलंय. नवे संध्याकाळी येणार."

बाकीच्या दोन खोल्यांत पोलंडचं एक कुटुंब होतं, ते सकाळीच समुद्रावर जायचं. आम्ही दोघींनी बार्बांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं, दोन बाजूंनी धरलं आणि बाहेरच्या दगडी जिन्याने वर नेलं. एकोणीस पायऱ्या. ते वाळवलेल्या ऑक्टोपससारखे हलके झाले होते. दिन्काने पाहुण्यांच्या चादरी आणि उशा घड्या घालून खुर्चीवर ठेवल्या, घरच्या चादरी घातल्या आणि त्यांना खिडकीकडे तोंड करून निजवलं. बार्बा एकेक बोट बघत गेले. मग म्हणाले, "धक्क्यावरच्या जोसोने बोट निळी रंगवली? त्याच्या आईने त्याला लहानपणी उलटा धरला होता, अक्कल तेव्हाच सांडली."

संध्याकाळी सहाला पुन्हा खाली. पाहुण्यांच्या चादरी पुन्हा पलंगावर, कोपरे ताणून, उशा फुगवून. बार्बा कुरकुरले, "एका रात्रीचेच पाहुणे? खलाशी आहेत की काय?"

"हल्ली तसंच असतं, बाबा."

असं तीन दिवस चाललं. खोटं बोलण्याचा दिन्काला त्रास होत होता, पण त्याहून जास्त राग येत होता की हे चोरून करावं लागतंय, स्वतःच्या घरात, ज्याने घर बांधलं त्याच्यासाठी. जिन्यावर मध्येच थांबून ती मला म्हणाली, "मी काय माणूस पळवतेय का गं?" माझीही आई दोन वर्षांपूर्वी तळघरातच वारली होती, जुलैत, आणि वर माझ्या खोलीत डच पाहुणे पत्ते खेळत होते. मी त्यांना हळू हसा असंही सांगितलं नव्हतं.

चौथा दिवस निळ्या गुहेचा. दहाच्या सुमाराला दक्षिणेकडून आभाळ काळं झालं. उन्हाळ्यातलं वादळ आमच्याकडे असंच येतं, पंधरा मिनिटांत. कप्तानाने अर्ध्या वाटेतून बोट वळवली. आम्ही दोघी वर खिडक्यांची फळकुटं लावत होतो, वाऱ्याच्या आवाजात जिन्यावरची पावलं ऐकूच आली नाहीत. दार उघडलं. तिहोमीर आणि सांदा, दोघंही नखशिखांत भिजलेले, आणि मागे छत्री धरून श्पिरो.

पलंगावर बार्बा, पाठीला दोन उशा, हातात सुपाचा वाडगा.

"हे काय आहे?" तिहोमीर म्हणाला.

श्पिरोने घाईने छत्री मिटली. "बाबा... ते गादी... आम्ही गादी तपासत होतो."

"सूप पिऊन?"

सांदा म्हणाली, "मी या पलंगावर रोज रात्री झोपतेय."

"तुमच्या चादरींना त्यांचं बोटही लागलेलं नाही," दिन्का म्हणाली. "त्या खुर्चीवर आहेत. बघा."

पण बार्बांना कळलं होतं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. साठ वर्षं पाहुण्यांना खोली देणारा माणूस पाहुण्याच्या पलंगावर सापडला होता. त्यांनी वाडगा बाजूला ठेवायचा प्रयत्न केला, सूप सांडलं. पाय खाली सोडायला लागले. "मला खाली न्या," म्हणाले. "श्पिरो, खाली ने. साहेब, माफ करा. बाई, माफ करा. माझ्या सुनेने मला फसवलं."

श्पिरो पुढे आला. दिन्का पलंगाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली.

"हात लावू नकोस."

"दिन्का, लोक बघतायत."

"बघू देत. अठ्ठावीस वर्षं मी या घरात सांगाल तेव्हा खाली गेले. बाळंतीण होते तेव्हा गेले, ताप होता तेव्हा गेले. आज कुणी खाली जाणार नाही."

"आम्ही या खोलीचे पैसे दिलेत," तिहोमीर म्हणाला. तो ओरडला नाही. त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं.

"परत देते. सगळे. आणि झोपायला जागा हवी असेल तर खाली आहे. बाईंनी फोटो काढलाय, गोड वाटली त्यांना."

सांदाने बार्बांकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा बार्बांकडे. "ते खाली राहतात?" तिने विचारलं. "कायमचे? मला वाटलं दुपारची झोप घेतायत."

"सामान घे," तिहोमीर तिला म्हणाला.

ते पाऊस थांबल्यावर गाडीने झाग्रेबला गेले. श्पिरोने त्यांच्या बॅगा उचलल्या. आठवड्याने साइटवर त्यांचा अभिप्राय आला, तो श्पिरोने स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला: "खोली स्वच्छ. समुद्र अगदी समोर. पलंगावर म्हातारा होता." दिन्का म्हणाली, "खरं लिहिलंय."

बार्बांनी मात्र तिला माफ केलं नाही. ज्या खिडकीसाठी एवढं झालं, तिच्याकडे पाठ करून ते भिंतीकडे तोंड वळवून पडले. दिन्काच्या हातचं खाईनात, म्हणून मी भरवायला जायची. ती तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची आणि ते मला म्हणायचे, "तिला सांग, साठ वर्षांत या घरातून पाहुणा असा गेला नव्हता."

"त्यांना सांग," दिन्का म्हणायची, "साठ वर्षांत कुणीतरी घालवायला हवा होता."

"तिला सांग, सूप खारट आहे."

"त्यांना सांग, मग पिऊ नका. वाडगा रिकामा दिसतोय."

पुढचं बुकिंग बारा तारखेचं होतं. ते श्पिरोने रद्द केलं. दिन्काला सांगितलं नाही, मला सांगितलं, भिंतीपाशी उभं राहून, सिगारेटची राख अंजिराच्या मुळाशी झाडत. "तू तिला सांगू नकोस," म्हणाला. "नाहीतर म्हणेल, आधी का नाही केलंस." मी सांगितलं. तिने तेच विचारलं.

त्या भांडणानंतर पाचव्या दिवशी मी वर गेले तेव्हा बार्बा कुशीवर वळलेले होते, खिडकीकडे. दिन्का फरशी पुसत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण मधल्या माणसाला वगळून बोलले. "जोसो दोर चुकीचा बांधतोय. रात्री वारा आला तर बोट धक्क्यावर आपटेल."

"मग ओरडून सांगा त्याला."

"माझा आवाज पोचत नाही."

दिन्का हातातलं फडकं तसंच घेऊन खिडकीत गेली आणि जोसोला अशा काही शिव्या घातल्या की खालच्या कॉफीच्या टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली. जोसोने दोर सोडून पुन्हा बांधला. "अजून एक वेढा," बार्बा म्हणाले. "अजून एक वेढा," दिन्का ओरडली. तो सगळा आठवडा हेच चाललं. बंदरावरच्या माणसांना दोघांनी मिळून हैराण केलं. एकमेकांशी मात्र गोड असं एक वाक्य बोलले नाहीत.

बार्बा एकवीस तारखेला सकाळी गेले, खिडकी उघडी होती, बाजूला श्पिरो होता. माणसं भेटायला आली. प्रत्येक जण त्या खोलीत उभा राहून समुद्राकडे बघायचा. पाववाली म्हणाली, "नशीबवान हो. ऑगस्टमध्ये स्वतःच्या पलंगावर. आमच्याकडे कुणाला मिळतं असं?"

दिन्का कपात कॉफी ओतत होती. "नशीब कसलं," ती म्हणाली. "चौघांशी भांडावं लागलं मला, आणि त्यातले एक ते स्वतः होते. तुमची सासू कुठेय आत्ता?"

पाववालीची सासू कुठे होती ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दिन्काने कप तिच्या हातात दिला.

"कॉफी प्या," म्हणाली, "आणि घरी जा."