घोट्याची साक्ष

अंबाजोगाईच्या दवाखान्यात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाकडे बघतच नाहीत, पायाशीच बोलतात. संधिवातामुळे मी तिथली नेहमीची. जेली आधी स्वतःच्या तळहातावर कोमट करायची आणि घोट्याला म्हणायचं, "हं, सांग बाबा."

मागच्या दुष्काळात माझ्या आधी गेवराईकडच्या एका सुनेचा नंबर होता, सोबत सासू. घोटे दुखून बेजार, एक्स-रेत मात्र काहीच नाही. "टँकर आला की हिचा पाय दुखतोय," सासू मला ऐकू येईल असं म्हणाली. पण बाईंनी सोनोग्राफी म्हणताच सासूचा चेहरा खुलला. "पोटुशी हाय का?"

"पोटाची न्हाई मावशी, पायाची." बाईंनी मशीनचा पडदा सरळ सासूकडं वळवला. करड्या घोट्यात लाल ठिपके लखलखत होते. "लाल दिसतंय तिथं रक्त उसळतंय. सांधा आतून पेटलाय."

सासू बघतच राहिली. मग वाकली आणि सुनेच्या चपला स्वतःच्या हातानं तिच्या पायाशी सरकवल्या. "चल. घागरी माझं पोरगं आणील आता."

मला तर शिट्टी मारावीशी वाटली. बाई मात्र जेली हलकेच पुसत घोट्यालाच म्हणाल्या, "शाब्बास! बोललास एकदाचा."