इनामदारांचा ट्रक आणि जॉब कार्डचं दुसरं पान

ट्रक आमच्याकडे वळला तेव्हा इनामदारांचं बोट ट्रिगरवर नव्हतं. हे मी चार पावलांवरून पाहिलं. पोलिसांनी बंदूक रोखल्यावर करतात तसे त्यांनी दोन्ही हात वर केले होते आणि उजव्या हातात रिमोट होता. तरीही पाच किलोचा ट्रक ग्राउंडच्या टोकाला मोठा वळसा घेऊन भरवेगात परत आला आणि त्यांच्या डाव्या नडगीवर आदळला. नडगीचं हाड मोडलं. ट्रकला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी या अपघाताचा रिपोर्ट मी लिहिला. दोष लखन नावाच्या मेकॅनिकचा आहे, असं त्यात म्हटलं. तो त्याचा नव्हता. त्या रिपोर्टमुळे लखनची नोकरी गेली आणि नोएडा-दिल्लीतल्या एकाही हॉबी शॉपने त्याला दारात उभं केलं नाही. हे दुरुस्त करायला मला तीन वर्षं लागली. आता वय चौऱ्याहत्तर आहे, तेव्हा सगळं क्रमाने लिहितो.

मी केंद्र सरकारच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये तेहतीस वर्षं होतो. मोटारी तपासायचो. मोटारी म्हणजे गाड्या नव्हेत, पंप-पंख्यांतल्या विजेच्या मोटारी. रिटायर झाल्यावर काही वर्षं नोएडातल्या घरी बसून काढली. मग भाटिया नावाच्या गृहस्थांनी मला त्यांच्या दुकानात टेक्निकल अ‍ॅडव्हायझर म्हणून घेतलं. दुकान रिमोटवर चालणाऱ्या गाड्या आणि विमानांचं, पण मोठ्या माणसांसाठी. माझी कामं दोन. गिऱ्हाइकाला गाडी निवडायला मदत करायची आणि डिलिव्हरीआधी गाडी तपासून चेकलिस्टवर सही करायची. भाटिया सगळ्यांना सांगत, "मोहिते जी गव्हर्नमेंट लैब से हैं." मलाही ते ऐकायला आवडायचं.

इनामदार मूळचे नगरचे. दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. वय चोपन्न. पहिल्यांदा दुकानात आले ते फाइल कव्हर घेऊनच. आत इंटरनेटवरून काढलेले प्रिंटआउट होते, टॅग लावलेले.

"सगळ्यात पॉवरफुल मॉन्स्टर ट्रक कोणता?" त्यांनी हिंदीत विचारलं. माझं आडनाव कळल्यावर मराठीवर आले.

"आधी चालवणार कुठे ते सांगा."

"आमच्या सेक्टरच्या मागे ग्राउंड आहे. गवत, खड्डे, बिल्डरने टाकलेल्या विटा."

"आणि आधी काही चालवलंय?"

"स्कूटर."

मग मी त्यांना समजावलं. मॉन्स्टर ट्रक म्हणजे मोठ्या चाकांची, उंच, उड्या मारणारी गाडी. खऱ्या गाडीच्या एकास दहा मापाची घेतली तर ती गवतात अडकते. एकास आठ मापाची विटेवरूनही जाते. मोटर दोन जातींची असते. एकीत कार्बनचे तुकडे घासत राहतात आणि झिजतात. दुसरीत घासणारं काही नसतं, तिला ब्रशलेस म्हणतात. जोर हवा असेल तर ब्रशलेस घ्यावी. बॅटरीत किती सेल एकापुढे एक जोडले आहेत यावर वेग ठरतो. चार सेल असतील तर फोर-एस, सहा असतील तर सिक्स-एस.

तेवढ्यात मागच्या टेबलवरून लखन बोलला. लखन दुकानातला मेकॅनिक, बुलंदशहरकडचा, पस्तिशीचा. सोल्डरिंग करता करताच बोलायचा, मान वर करायचा नाही.

"साहब, बॉक्स पर क्या लिखा है छोड़ दो. पहले महीने में सस्पेंशन आर्म टूटेगा. जिस गाड़ी का आर्म मेरे ड्रॉवर में पड़ा है, वही लो."

तीन ट्रक विचारात होते. ड्रॉवर उघडून पाहिला. दोन मॉडेलचे आर्म, म्हणजे चाक धरणारे दांडे, होते, तिसऱ्याचे परदेशातून मागवावे लागले असते. तिसरा बाद झाला. मॉन्स्टर ट्रकची निवड कशी करावी याबद्दल मी पुष्कळ वाचलंय, पण यापेक्षा चांगली कसोटी मला आजवर मिळाली नाही.

उरलेल्या दोघांपैकी एक फोर-एसचा, दुसरा सिक्स-एसचा. दुसऱ्याच्या खोक्यावर ताशी नव्वद किलोमीटर लिहिलं होतं. मी फोर-एस सुचवला.

"मोहितेसाहेब," इनामदार म्हणाले, "मी नोट पुट अप करतो. ती अंडर सेक्रेटरीकडे जाते, तिथून डेप्युटी सेक्रेटरीकडे, मग 'कृपया चर्चा करावी' असा शेरा घेऊन माझ्याकडे परत. तीस वर्षं हेच चाललंय. मला एक वस्तू अशी हवीय, की मी बोट दाबलं की ती गेली पाहिजे."

मी फोर-एसचं खोकं परत फळीवर ठेवलं. सिक्स-एस ठरला.

आता मुख्य मुद्दा. माझ्या चेकलिस्टवर अकरा ओळी होत्या. नववी होती फेलसेफची. रिमोट आणि गाडी यांच्यातला सिग्नल तुटला तर गाडीने काय करावं, हे गाडीतल्या रिसीव्हरला आधीच सांगून ठेवावं लागतं. मोटर बंद कर आणि ब्रेक लाव, असं सांगतात. ते सांगितलं नसेल तर काही रिसीव्हर शेवटचा हुकूमच पाळत राहतात. तपासणी सोपी आहे. गाडी स्टँडवर ठेवायची, चाकं हवेत. ट्रिगर दाबायचा, चाकं फिरू लागली की रिमोट बंद करायचा. चाकं थांबली पाहिजेत. अर्ध्या मिनिटाचं काम.

या मॉडेलचा पहिला ट्रक आला तेव्हा ही टेस्ट मी भाटियांच्या देखत, चष्मा पुसून, रीतसर केली. चाकं थांबली. त्यानंतरच्या ट्रकांवर नुसती सही केली.

हा आळस नव्हता. आळस असता तर आज कमी बोचलं असतं. ही लॅबची सवय होती. आमच्याकडे टाइप टेस्ट असायची. कंपनी एका मॉडेलचा एक नग पाठवते, आपण तो सगळ्या बाजूंनी तपासतो, पास झाला की त्या मॉडेलला सर्टिफिकेट. पुढच्या हजारो नगांना आपण हात लावत नाही. तेहतीस वर्षं मी असंच काम केलं होतं आणि त्यात चूक काही नव्हती.

इनामदारांच्या ट्रकवर सही करताना लखन शेजारी होता. बॅटरीचा प्लग जुळत नव्हता म्हणून त्याने तो बदलून दिला होता.

"सर, फेलसेफ नहीं देखा."

"लखन, इस मॉडल का देखा हुआ है."

"मॉडल का नहीं होता सर. हर पीस में अलग सेट करना पड़ता है. इस डब्बे का रिमोट बाद में बदला है कंपनी ने."

मी त्याला टाइप टेस्ट म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. त्या दहा मिनिटांत ती टेस्ट वीस वेळा झाली असती. तो स्वतः करू शकत नव्हता. मेकॅनिकने रिसीव्हरच्या डबीला हात लावायचा नाही, हा नियम दुकानात होता आणि तो मीच केला होता. मग त्याने जॉब कार्डच्या, म्हणजे त्या ट्रकवरच्या कामाच्या नोंदपत्राच्या, दुसऱ्या पानावर पेनने लिहिलं: 'फेलसेफ चेक बाकी. सर को बोला.' मी ते पाहिलं आणि पान उलटलं.

दोन रविवार ट्रक उत्तम चालला. सिग्नल तुटलाच नाही, तर फेलसेफचा प्रश्न येतो कुठे? तिसऱ्या रविवारी सकाळी इनामदारांनी मला मुद्दाम बोलावलं. ट्रक ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला वळत असताना रिमोटचे सेल संपले. सेल कुणाचेही संपतात, फेलसेफ त्याचसाठी असतो. शेवटचा हुकूम होता पूर्ण वेग आणि थोडं डावीकडे. रिसीव्हरने तो पाळला.

सोमवारी दुकानात मी ट्रक स्टँडवर ठेवला. रिमोटमध्ये नवे सेल घातले, ट्रिगर दाबला, रिमोट बंद केला. चाकं फिरतच राहिली. लखन समोर उभा होता. आम्ही दोघं त्या चाकांकडे बघत राहिलो.

"सर, बंद कर दूँ?" त्याने विचारलं.

त्याने बॅटरी काढली.

दुपारी भाटिया आले. "मोहिते जी, रिपोर्ट बना दो. कस्टमर सरकारी आदमी है, कागज़ माँगेगा. आपका लिखा कोई नहीं काटता."

मी लिहिलं. भाषा मला येत होतीच. 'प्लग बदलताना वर्कशॉपमध्ये रिसीव्हर हाताळला गेल्याने फेलसेफ सेटिंग नष्ट झाल्याचे आढळून आले.' कोणाला आढळून आले, हे लिहावं लागत नाही, हा त्या भाषेचा फायदा. जॉब कार्डचं पहिलं पान जोडलं, लखनने प्लग बदलल्याची नोंद त्यावर होती. दुसरं पान जोडलं नाही.

भाटियांनी रिपोर्टचा फोटो काढून एनसीआरच्या हॉबीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, दुकानाचा दोष नाही हे कळावं म्हणून. लखनला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. त्याने स्वतःचं सोल्डरिंग आयर्न पिशवीत घातलं आणि माझ्या टेबलाशी आला.

"सर, दूसरा पन्ना?"

"फाइल में है," मी म्हणालो.

ते खरं होतं. फाइल माझ्या घरी होती.

इनामदारांचा पाय बरा झाला. छंद सुटला नाही. फोर-एसचा नवा ट्रक घेतला, मला विचारूनच. एकदा ग्रुपमधला एक नवा मेंबर ग्राउंडवर आला आणि कोणता ट्रक घ्यावा विचारू लागला. इनामदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कोणताही घ्या. पण डिलिव्हरीवर मोहितेसाहेबांची सही आहे ना तेवढं बघा. नाहीतर एखादा लखन भेटतो आणि हे असं होतं," असं म्हणून त्यांनी पँट वर करून नडगीवरचा व्रण दाखवला.

त्या दिवशी घरी येऊन मी फाइल काढली.

लखन गाझियाबादला सापडला. ई-रिक्षाचे कंट्रोलर दुरुस्त करतो. मी नवा रिपोर्ट लिहून नेला होता, सोबत दुसरं पान. त्याने हात पुसून दोन्ही वाचलं.

"ग्रुप में डाला?"

"अभी नहीं."

"इनामदार साहब को दिखाया?"

"नहीं. पहले तुम्हारे पास आया."

"मेरे पास क्यों, सर? मुझे तो मालूम था."

त्याने कागद नीट घडी करून मला परत दिले. चहा विचारला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारला नसता.

तिथून थेट इनामदारांकडे गेलो. ते सेक्शन ऑफिसरसारखं वाचतात. आधी जोडपत्र, मग पत्र.

"हे दुसरं पान तेव्हा कुठे होतं?"

"माझ्याकडे."

"तीन वर्षं?"

"हो."

वहिनी चहा घेऊन आल्या, आमची तोंडं पाहून ट्रे ठेवून आत गेल्या. इनामदारांनी दुसरं पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "पायाचं सोडा, पाय जुळला. पण मी त्या माणसाला तीन वर्षं शिव्या घातल्यात, मोहितेसाहेब. भेटेल त्याला नाव सांगून. तुम्ही शेजारी उभे असायचात."

"हो."

"ग्रुपवर टाका. आत्ता. इथेच बसून."

मी टाकलं. पहिला रिपोर्ट आला होता तेव्हा ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली होती. या वेळी चार जणांनी अंगठा दाखवला आणि एकाने खाली विचारलं की गवतासाठी कुठले टायर चांगले. भाटियांचा फोन आला. "अब इसकी क्या ज़रूरत थी?" दुसऱ्या आठवड्यापासून मी दुकानात जात नाही. निरोप समारंभ वगैरे झाला नाही.

इनामदार स्वतः गाझियाबादला जाऊन लखनला भेटले. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. लखन भाटियांकडे परत गेला नाही. भाटियांनी बोलावलं होतं, तो नको म्हणाला. पण रविवारी सकाळी ग्राउंडवर येतो. ग्रुपमधला प्रत्येक ट्रक उलटा धरतो, रिमोट बंद करायला लावतो आणि चाकं थांबली तरच खाली ठेवू देतो. इनामदार त्याच्या शेजारी वही घेऊन उभे असतात. मी बाकावर बसतो. माझ्याशी कोणी वाईट वागत नाही. मला आता कोणी ट्रकबद्दल विचारतही नाही.

तरी वाचकांपैकी कुणाला मॉन्स्टर ट्रक घ्यायचा असेल, तर एवढं सांगतो. माप, मोटर आणि सेल यांचा विचार घरी करून जा. दुकानात तुमचाच ट्रक उचलून धरायला लावा आणि तुमच्या डोळ्यांसमोर रिमोट बंद करायला सांगा. तिथला अनुभवी माणूस त्याऐवजी स्वतःची सही दाखवू लागला, तर दुसऱ्या दुकानात जा.