बाबांच्या हाताची सावली

बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच माझी प्रयोगशाळा बघायला आले. मी त्यांच्या हातात काचेची पट्टी दिली. त्यांनी ती तिरकी धरली, तसा तिच्यावर फिकट जांभळा रंग सरकला.

“हा झिंक ऑक्साइडचा थर. केसाहून कितीतरी पातळ,” मी म्हणाले. “ऊन पडलं की यातून वीज जास्त वाहते.”

“झिंक ऑक्साइड? त्याचं तर मी बाळांच्या पुरळासाठी मलम घोटायचो.”

मी खिडकी उघडली आणि ती पट्टी मीटरला जोडून उन्हात ठेवली. आकडे चढले. बाबांनी पट्टीवर हात आडवा धरला, तसे ते हळूहळू उतरले. एवढीशी सावलीही तिला कळत होती. बाबा कितीतरी वेळ हात धरत राहिले, काढत राहिले.

“इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?”

तुम्हाला समजणार नाही असं वाटलं होतं, हे काही माझ्याच्यानं बोलवेना.