पालखीचा उजवा खांदा

माझ्याकडे कागद दोन आहेत. एक चित्रकलेची पदवी, मुंबईहून आणलेली. ती आमच्या रत्नागिरीच्या घरात कपाटाच्या माथ्यावर गुंडाळून ठेवली आहे. दुसरी डी.एड.ची पदविका. तिच्यावर घर चालतं. पदवीनं तुम्हाला काय दिलं, असं कुणी विचारलं की मी नाटकी नमस्कार करून सांगतो, "सुंदर अक्षर!" लोक हसतात. मीही हसतो, कारण हशा आपण घेतला नाही तर दुसरा कुणीतरी घेतो.

मुंबईत मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो आणि स्टेजचे पडदे रंगवायचो. राजवाडा, जंगल, पुन्हा राजवाडा. ज्या आठवड्यात मालकानं फ्लेक्सचं मशीन आणलं, त्याच आठवड्यात त्यानं मला सगळे ब्रश धुवून ठेवायला सांगितले. मी धुतले. अगदी उत्तम धुतले. आम्हाला पहिल्या वर्षी तेच शिकवलं होतं.

वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो तर म्हणाले, "आलास? बरं झालं. चित्रं काढ की, कोण नको म्हणतोय? पण पगारावर बसून काढ." मग डी.एड.ला गेलो. वर्गातल्या मुली बारावी होऊन आलेल्या. मला दादा म्हणायच्या, एक तर काका म्हणायची. पाठ घ्यायला तक्ते लागतात. त्या वर्षी अख्ख्या वर्गाचे आंबे, कोंबड्या, सूर्यमाला आणि हृदयाचे चार कप्पे मी काढले. सगळ्यांना माझ्याहून जास्त गुण पडले, कारण माझा स्वतःचा तक्ता शेवटी घाईत व्हायचा.

नोकरी लागली संगमेश्वरच्या आतल्या एका गावात. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. मुख्याध्यापक म्हणजे एक बाई, माझ्याहून वयानं मोठ्या, स्वभावानं सज्जन आणि वरिष्ठांना घाबरून असणाऱ्या. गावाच्या दोन वाड्या, वरची आणि खालची, मध्ये एक पऱ्ह्या. पावसात तो ओढा भरून वाहतो आणि एरवी दोन्ही वाड्यांचं भांडण तिथून वाहतं. कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला. गावात म्हातारे, बायका, पोरं, आणि काही कारणानं राहून गेलेले चारदोन गडी.

पहिल्याच बैठकीत आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळा पाहणाऱ्या साहेबांनी माझं फळ्यावरचं अक्षर पाहिलं आणि माझा निकाल लागला. तेव्हापासून केंद्रातला प्रत्येक फलक, प्रत्येक स्वागताची पाटी, प्रत्येक प्रमाणपत्रावरचं नाव माझ्याकडे. गुणवंत कोण ते दुसऱ्यांनी ठरवायचं, मी ते वळणदार लिहायचं. स्वतःचं चित्र म्हणाल तर नऊ वर्षांत एकही नाही. दुपारी चार वाजेपर्यंत चौथीचा भागाकार घेऊन आणि पहिलीचा शेंबूड पुसून झाल्यावर हातात ब्रश धरून बघा. हात म्हणतो, मला निजू दे.

मग एके वर्षी वरून आदेश आला, शाळेच्या भिंती बोलक्या करा. म्हणजे भिंतीवर अक्षरं, पाढे, फळं, पक्षी रंगवायचे. बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही आहात म्हणजे मला काळजी नाही. एक झाड काढा, पानापानावर बाराखडी."

मी म्हटलं, "बाई, पडवीची मोठी भिंत माझ्याकडे सोडा. झाड आत काढतो, वर्गात."

बाईंनी मान हलवली. त्यांना वाटलं, भिंत म्हणजे भिंत.

मे महिन्याची सुट्टी मी त्या भिंतीला दिली. बायको पोराला घेऊन माहेरी भाट्याला गेली, जाताना म्हणाली, "निदान सावलीत बसून काढा." मी गावातला शिमगा काढला. ग्रामदेवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे देवीच्या त्या दगडी चौथऱ्यावरून, उचलली जाते तो क्षण. मागे होळीचा धूर, बाजूला ढोल, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, पायाखाली लाल कातळ. आणि पुढच्या उजव्या बाजूला, दांड्याखाली, एक माणूस.

हा माणूस सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे, म्हणून नीट सांगतो. खालच्या वाडीतला. चिरेखाणीवर जांभ्याचे चिरे उचलायचा, पावसाळ्यात शेती करायचा, गणपतीआधी गावाच्या भिंतींना चुना द्यायचा. कुणाची म्हैस अडली, कुणाचं माणूस डोलीतून रस्त्यावर आणायचं झालं, की हाक त्याला. खांदे असे, की पाहिल्यावर आमचे शरीररचनेचे सर आनंदानं रडले असते.

आता पालखीला खांदा देणं म्हणजे पोतं उचलणं नव्हे. कुठला खांदा कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पुढचा उजवा वरच्या वाडीतल्या एका घराण्याचा. तो त्यांचा मान. घराणं सगळं मुंबईला. शिमग्याला येतात, पांढरेशुभ्र कपडे घालून पालखी उचलतात, मोबाइल वर होतात, फोटो होतात, पालखी पहिल्या वळणापर्यंत जाते. वळणापलीकडे चढण आहे. तिथं मानकरी हळूच खांदा काढतात आणि खालच्या वाडीतला तो माणूस खांदा घालतो. पुढे सगळ्या घरांतून पालखी तोच नेतो. हे सगळ्यांना ठाऊक. मी नऊ शिमगे हेच पाहिलं. नऊ वर्षांत मी काय पाहिलं ते मी भिंतीवर काढलं. फक्त जागा सहाणेची ठेवली, कारण चढणीवर मागे करवंदीच्या जाळीशिवाय काही नाही, आणि चित्राला मागे धूर हवा होता.

गावातल्या बायकांनी चित्र पाहिलं आणि खूश झाल्या. "अगो ही बग मी! माजं लुगडं बग, तेच!" एक म्हातारी मात्र रागावली, तिला मी मागच्या रांगेत उभं केलं होतं म्हणून. तिला पुढे आणली. मानावरून म्हणाल तर तेव्हा एवढाच काय तो तंटा झाला. बाईंनीसुद्धा पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत चित्र पाहिलं. मग म्हणाल्या, "बाराखडी कुठे आहे?"

शाळा उघडली. कुणाच्यातरी सुनेनं चित्राचा फोटो काढला आणि कौतुकानं नवऱ्याला पाठवला. तिथून तो गावाच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर गेला. आणि मायबाप हो, भिंत बोलू लागली! आदेशाचं असं तंतोतंत पालन जिल्ह्यात कुणी केलं नसेल.

पहिला फोन बाईंना. दुसरा मला. "गुरुजी, आमचा खांदा तुमी दुसऱ्याला दिलाव? कोनाला इचारून?"

मी म्हटलं, "अहो, ते चित्र आहे."

"चित्र हाय म्हनूनच. उद्या आमचीं पोरं काय बगनार? लिवलेलं पुसता येतंय, काढलेलं ऱ्हातंय."

खोटं कशाला बोलू? चित्रकलेविषयी इतकी श्रद्धा मी कॉलेजात ऐकली नव्हती.

दोन दिवसांनी वरच्या वाडीची पोरं शाळेत आली नाहीत. तिसऱ्या दिवशी कळलं, हायवेवरच्या इंग्रजी शाळेची गाडी वाडीत येऊन चौकशी करून गेली. आमचा पट आधीच काठावर. वरची वाडी गेली तर शाळेला कुलूप लागणार, आणि मग खालच्या वाडीतल्या पोरांनी, ज्यांच्याकडे गाडीचे पैसे नाहीत त्यांनी, डोंगर उतरून पलीकडच्या गावात चालत जायचं. पावसात. मी चित्र वाचवावं की शाळा, एवढाच प्रश्न शिल्लक होता. बाई तो विचारत नव्हत्या. नुसत्या माझ्याकडे बघायच्या.

रविवारी शाळेच्या पडवीतच बैठक बसली. देवीच्या पालखीला ज्यांना रजा मिळता मिळत नाही, त्यांना भिंतीसाठी मिळाली. रात्रीच्या गाडीनं आले. मानकरी घराण्यातले थोरले, सगळे त्यांना दादा म्हणत, चित्रासमोर चष्मा पुसून उभे राहिले.

"काम झाक हाय," म्हणाले. "पन चुकीचं हाय."

"दादा, मी पाहिलं ते काढलं."

"काय पायलंत?"

मी सांगायला तोंड उघडलं. वळण, चढण, खांदा. पडवीतला एकूण एक माणूस माझ्याकडे बघत होता आणि एकूण एकाला ते ठाऊक होतं. मी ते बोललो नाही. बोललो असतो तर पट त्याच पावली अर्धा झाला असता.

मग तोडगे सुरू झाले. कुणी म्हणालं, नुसतीं तोंडं बदला. यावर खालची वाडी उठली, "आमच्या मानसाचं तोंड पुसाल तर आमची पोरं पन नाय येनार!" कुणी म्हणालं, दोघांनाही उजवीकडे काढा. कुणी म्हणालं, "पालखी अधांतरीच दाखवा, गुरुजी. देवी काय, आपली आपन चालते." या सूचनेवर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. मी, पदवीधर चित्रकार, तिथं बसून अधांतरी पालखीला सावली पडेल का याचा विचार करत होतो. इतका खाली मी आलो होतो.

शेवटी बाई चाचरत म्हणाल्या, "हल्ली शाळांवर रेल्वे काढतात. सगळीकडे काढतात. साहेबांनाही आवडते. प्रत्येक डब्यावर एकेक पाढा."

रेल्वेवर कुणाचा मान नव्हता. दादांनी मान डोलवली. तेवढ्यात मागून एक आवाज, "इंजनात कोन बसनार?"

मी म्हटलं, "अस्वल."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. अस्वल कुठल्याच वाडीचं नसतं. ठराव झाला.

चित्रातला तो माणूस बैठकीला एका खांबाशी बसून होता. निघताना माझ्याजवळ आला. "गुरुजी, बरं झालं. मला हितंच ऱ्हायाचं हाय ना. तुमी बदली हून जाल." रागानं नाही, समजूत घालावी तसं म्हणाला. माझी की स्वतःची, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चुन्याची बादली घेऊन हजर. गावात चुना तोच देतो, दुसरा कोण येणार? मी म्हटलं, "तू नको, मी करतो." तो म्हणाला, "तुमचा हात चित्राचा हाय. चुना सारखा बसनार नाय." मग कुंचला बुडवण्याआधी तो भिंतीजवळ गेला. स्वतःसमोर उभा राहिला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. सदऱ्यातून आपला खांदा चाचपला.

"खांदा जरा जास्तच रुंद काढलाव."

माझ्या चित्रावर आजवर झालेली ती एकमेव टीका. आणि बरोबर होती. मी त्याला एक देवळाचा खांब करून ठेवला होता. तो माणूस होता, जरा उतरत्या खांद्याचा, एका बाजूला झुकलेला. नऊ वर्षांनी हातात ब्रश धरला की असं होतं. दुसरं चित्र काढलं असतं तर सुधारलं असतं. पण सुधारायला काही उरलं नव्हतं. त्यानं आधी धूर पुसला, मग बायका, ढोल, पालखी, आणि शेवटी स्वतःला. वरून खाली, एकसारख्या हातानं. माझ्या मागं पहिलीतली दोन पोरं विचारत होती, "गुरुजी, गाडी कदी येनार?"

गाडी आली. निळी, पिवळ्या पट्ट्याची. पोरांना ती माझ्या चित्राच्या शंभरपट आवडली. मधल्या सुट्टीत डब्यासमोर रांगेनं बसायची, कुकारा द्यायची, आणि कुठे चाललात विचारलं की एका सुरात ओरडायची, "मुंबईऽऽ!" वरच्या वाडीची ओरडायची, खालच्या वाडीचीही ओरडायची. गावात त्या एका बाबतीत कधी तंटा झाला नाही.

साहेब आले, गाडी पाहून खूश झाले. बोलक्या भिंतींसाठी केंद्रातून आमच्या शाळेचा गौरव ठरला. आदल्या दिवशी माझ्याकडे नेहमीप्रमाणे कोऱ्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा आला, नावं घालायला. तिसरं नाव माझं होतं. मी ते घातलं. वळणदार, जाड-बारीक, रेषेत. दुसऱ्या दिवशी टाळ्यांच्या गजरात ते मला परत मिळालं. शाईचा वास अजून गेला नव्हता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, "बघा, काढतोय ना चित्रं? पगारावर बसून."

पुढच्या शिमग्याला मी सहाणेपाशी गेलो नाही. चढणीवर जाऊन उभा राहिलो, करवंदीच्या जाळीपाशी. खाली ढोल वाजले, मोबाइल वर झाले, पालखी उठली. वळणावर आली तशी दादांचा खांदा निघाला आणि खालच्या वाडीतला तो माणूस आत शिरला. चढ चढताना माझ्यासमोरून गेला. मान तिरकी, गळ्याच्या शिरा ताठलेल्या, डावा खांदा खाली आणि उजवा दांड्याखाली. खांदा उतरता होता, आणि त्यानं म्हटलं तसा, मी काढला तेवढा रुंद नव्हता. माझी बोटं आपोआप हलली असावीत, कारण त्यानं ते पाहिलं. ओझ्याखालून डोळा मारून म्हणाला,

"गुरुजी, बगा हां. पन काढू नका."